छताचे वय आणि विम्याचा कागद



मे महिना लागला की कोकणातल्या घराघरांतून एकच प्रश्न फिरू लागतो, "शाकारून झाले का?" मृग नक्षत्र जवळ आलेले असते, सुताराला सवड नसते, आणि मुंबईला किंवा आखातात असलेल्या मुलांना फोन जातात की पैसे पाठवा, पावसाआधी कौले चाळून घेतो. मुले म्हणतात, या वर्षी राहू द्या, पुढच्या वर्षी एकदमच करू. आमच्या घरातही असेच चालले होते. एक वर्ष नाही, अकरा वर्षे.

या महिन्यात आम्ही घराच्या विम्याबद्दल लिहिणार आहोत, आणि त्यातही जुन्या छताचे विम्यात काय होते याबद्दल. विषय रुक्ष वाटेल. पण आमच्या फुफींनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आम्हाला पाच वर्षे देता आले नव्हते. ते उत्तर शोधताना जे कळले, ते इतर घरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

फुफींचा प्रश्न

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातून गेले. आमच्या आजोबांचे घर याच पट्ट्यात आहे. चिऱ्याच्या भिंती, ऐनाचे वासे, वर मंगलोरी कौले. घरात राहतात त्या एकट्या फुफी. अब्बा आणि दोन्ही चाचा तरुणपणीच मुंबईला गेले, पुढच्या पिढीतले काही जण आखातात. तेव्हा टाळेबंदी सुरू होती, आमच्यापैकी कोणालाही गावी जाता आले नाही. वाऱ्याने पुढच्या बाजूची कौले उचलली आणि मागच्या पडवीचे छप्पर वाशांसकट खाली आले. फुफी मधल्या खोलीत होत्या. अल्लाहच्या कृपेने त्यांना खरचटलेही नाही.

घराचा विमा होता. एका चुलतभावाने आखातात परत जाण्याआधी एजंटकडून काढला होता आणि दर वर्षी हप्ता भरत होता. त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त होतो. वाटा मोकळ्या झाल्यावर सर्व्हेअर आले. सभ्य गृहस्थ होते. पडवीच्या पडलेल्या वाशाला त्यांनी बोटाने टोकरले, तर भुसा हातात आला. त्यांनी विचारले, "आजी, हे छप्पर शेवटचे कधी दुरुस्त केले?" फुफींना आठवेना. पावती कोणाकडेच नव्हती, जुना फोटोही नव्हता.

शेवटी जो निकाल आला तो असा. पुढची कौले वाऱ्याने गेली, ते नुकसान मान्य, पण त्यातून छपराच्या वयाची घट वजा. पडवीचे वासे आधीच वाळवीने खाल्ले होते, त्यामुळे ते अमान्य. आणि पैसे द्यायचे कोणाला, हा तिसरा प्रश्न. पॉलिसी चुलतभावाच्या नावावर, तर ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव. आजोबांना जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. सगळ्या वारसांची संमतीपत्रे गोळा करण्यात सात महिने गेले. हाती आलेली रक्कम खर्चाच्या निम्मीही नव्हती.

फुफींनी विचारले, "मग एवढी वर्षे हप्ता कशाचा भरला?"

तेव्हा आम्ही सगळ्यांनी कंपनीला दोष दिला. आज मागे वळून पाहतो तेव्हा वाटते, त्या निकालातली निम्मी गोष्ट आमचीच होती.

विमा कशाचा असतो

घराचा विमा हा अचानक कोसळणाऱ्या संकटाचा असतो. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड, घरावर पडलेले झाड, दंगलीतली मोडतोड ही त्याची कामे. घर हळूहळू जुने होते, त्याचा विमा नसतो. वाळवी, गंज, कुजणे, वर्षानुवर्षांची गळती यांची काळजी मालकाने घ्यायची, हे गृहीत धरूनच हप्ता ठरलेला असतो.

आता अडचण अशी की वादळ नव्या छपरालाही झोडपते आणि जुन्यालाही, पण पडते बहुधा जुने. मग सर्व्हेअरला ठरवावे लागते की हे वाऱ्याने पाडले की वयाने पाडले. छताचे वय विम्यात येते ते नेमके इथे.

कौलारू घरात खरे म्हातारे होते ते कौल नव्हे. चांगले मंगलोरी कौल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हातारी होतात त्याखालची लाकडे. एखादे कौल सरकते, तिथून थेंब थेंब पाणी रिपेवर पडते, रीप कुजते, मग वासा ओला राहतो आणि वाळवीला वाट मिळते. वरून छप्पर लाल आणि शाबूत दिसते, आतून पोकळ झालेले असते. वारा आधी वळचणीला आणि आढ्याला हात घालतो, कारण कौले तिथे उघडी पडतात. खालची रीप घट्ट असेल तर चार-दोन कौले जातात. रीप कुजलेली असेल तर एक अख्खी पाखाडी निघते.

पत्र्याच्या छपरात हुक आणि वॉशर आधी जातात. हुक गंजतो, रबराचा वॉशर तडकतो, पत्रा सैल होऊन वाऱ्यात वाजू लागतो. पत्रा वाजतो आहे म्हणजे तो उडण्याच्या तयारीत आहे असे समजावे. सिमेंटचा पत्रा वर्षे गेली की ठिसूळ होतो, नारळ पडला तरी फुटतो. स्लॅबच्या घरात पाणी मुरते, आतल्या सळ्या गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि छताचे पापुद्रे खाली पडू लागतात. या तिन्ही गोष्टी एका रात्रीत होत नाहीत, आणि सर्व्हेअरला पाहताक्षणी कळतात.

अमेरिकेतले छप्पर, आपल्याकडचे छप्पर

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून हल्ली ऐकायला मिळते की छप्पर पंधरा-वीस वर्षांचे झाले आणि कंपनीने विमा पुढे चालू ठेवायला नकार दिला. ते ऐकून आपल्याकडेही असाच नियम आहे, असे काहींना वाटते. दोन्हीकडची गोष्ट वेगळी आहे.

तिथल्या बहुतेक घरांवर डांबरी पट्ट्यांचे छप्पर असते आणि त्याचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षे धरतात. त्यामुळे कंपन्या छपराचे वय थेट विचारतात. वय वाढले की काही कंपन्या नव्या छपराचा पूर्ण खर्च देण्याऐवजी घट वजा करून उरलेली किंमतच देतात. समजा आयुष्य वीस वर्षांचे धरले आणि छप्पर पंधरा वर्षांचे असेल, तर ढोबळ हिशेबाने पाऊण किंमत आधीच गेली. उरलेल्या पाव भागातूनही मालकाने सोसायची ठरावीक रक्कम वजा होते. वादळांच्या फ्लोरिडा राज्यात हा प्रश्न इतका चिघळला की २०२२ मध्ये कायदा करावा लागला. छप्पर पंधरा वर्षांहून कमी वयाचे असेल तर केवळ वयाच्या कारणाने विमा नाकारता येणार नाही. त्याहून जुने असेल तर मालकाला तपासणी करून घेण्याची संधी द्यायची, आणि ते अजून किमान पाच वर्षे टिकेल असा तपासणीचा दाखला मिळाला तरीही केवळ वयावरून नकार देता येणार नाही.

आपल्याकडे कंपनी बहुधा घराचे वय आणि बांधकामाचा प्रकार विचारते, छपराचे वेगळे वय विचारत नाही. म्हणून विमा सहज मिळतो आणि आपण खूश होतो. वयाचा प्रश्न नंतर येतो, भरपाई मागताना. तिथे दारातच अडवतात, इथे आत बसवून घेतात आणि जेवायच्या वेळी विचारतात. आमच्या मते दुसरी तऱ्हा जास्त फसवी आहे, कारण तोपर्यंत आपण बेसावध राहतो.

आताच्या पॉलिसीत काय मिळते

फुफींच्या घराची ती पॉलिसी जुन्या पद्धतीची होती, घट वजा करून बाजारभावाने भरपाई देणारी. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आणली आहे. आगीचा विमा उतरवणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती द्यावीच लागते. घरांसाठी ती पहिल्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. तिच्यातल्या मुख्य गोष्टी अशा.

विम्याची रक्कम जागेच्या किमतीवर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. समजा चटईक्षेत्र ८०० चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,००० रुपये, तर रक्कम झाली १६ लाख. घर आणि सामान दोन्हींचा विमा घेतला तर सामानाला या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, यादी न देताही संरक्षण मिळते. वरच्या उदाहरणात ते ३ लाख २० हजार होईल. पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि त्यात विम्याची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. रक्कम कमी लिहिली गेली असेल तर पूर्वी भरपाईही त्या प्रमाणात कापत. या पॉलिसीत तशी कपात नाही, विम्याच्या रकमेपर्यंतचे मान्य नुकसान मिळते. मलबा उचलण्यासाठी मान्य रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत खर्चही यात धरला आहे.

आता छताबद्दल. घराचे काही भागच मोडले, तर कंपनी दुरुस्तीचा वाजवी खर्च देते, तो नुकसानीच्या वेळी घराची जी स्थिती होती साधारण त्या स्थितीत ते परत आणण्यासाठी. ही ओळ नीट समजून घ्या. वादळाच्या आदल्या दिवशी छप्पर कसे होते, हे ठरवण्यावर सगळे येते. आणि ते सिद्ध करण्याचे साधन आपल्याच हातात असते, फोटो आणि पावत्या.

आणखी दोन बाबी. गवत, झावळ्या, बांबू, ताडपत्री असे छप्पर किंवा भिंती असतील तर ते बांधकाम कच्चे धरतात. तसे असेल तर अर्जात तसेच लिहा. आणि पॉलिसी घेतल्यानंतर मागे खोली काढली किंवा पडवी बंद केली, तर चटईक्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढताच कंपनीला कळवून जादा हप्ता भरावा लागतो. न कळवता वाढवलेला भाग विम्याबाहेर राहतो.

सरकारी मदतीवर विसंबून राहता येत नाही. केंद्राच्या २०२२ च्या निकषांनुसार पक्क्या घराचे अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के, नुकसान झाले तर मदत आहे ६,५०० रुपये. राज्य सरकार कधी त्यात भर घालते. तरीही एका पाखाडीचे वासे, रिपा आणि सुताराची मजुरी त्यात बसत नाही.

विमा घ्यावा की नाही

आमच्या बऱ्याच वाचकांच्या मनात याआधीचा प्रश्न आहे. विमा शरीयतमध्ये बसतो का? आम्ही मुफ्ती नाही. जे माहीत आहे तेवढेच मांडतो. इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न जेद्दाच्या फिक्ह अकॅडमीने १९८५ मध्ये ठरावीक हप्त्याच्या व्यापारी विम्याला नकार दिला आणि परस्पर सहकार्याच्या विम्याला मान्यता दिली. तकाफुल म्हणतात तो हा मार्ग. मलेशियाने त्यासाठी १९८४ मध्येच कायदा केला होता. भारतातल्या उलमांपुढे प्रश्न वेगळा होता. इथे घरादारांना दंगलींचा धोका होता आणि तकाफुलचा पर्याय हाताशी नव्हता. या परिस्थितीचा विचार करून भारतीय इस्लामिक फिक्ह अकॅडमीने नव्वदच्या दशकात जीव आणि मालमत्तेच्या विम्याला मुभा देण्याच्या बाजूने मत दिले. मतभेद आजही आहेत. आपण ज्यांना मानता त्या आलिमांना विचारून निर्णय घ्या.

पण एका बाबतीत मतभेद नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या ग्रामीण अरबाला आधी उंट बांधायला आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. विमा घेणाऱ्यालाही छप्पर बांधून ठेवावे लागते आणि न घेणाऱ्यालाही. आमची चूक अशी झाली की विम्याचा कागद म्हणजेच उंट बांधणे, असे आम्ही समजलो.

ज्यांना विमा नको आहे त्यांच्यासाठी एक सूचना. गावच्या जमातीने छतांसाठी वेगळा निधी ठेवावा. दर घरामागे वर्षाला थोडी रक्कम, हिशेब जमातीच्या वहीत, आणि पावसाळ्यात ज्याचे छप्पर जाईल त्याला त्यातून मदत. वादळानंतर ताडपत्री आणि धान्य घेऊन धावणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. तोच हात आधी पुढे आला तर विधवा बाईला ताडपत्रीखाली पावसाळा काढावा लागणार नाही.

छप्पर कोणाचे

आता आमच्या घरातली मुख्य गोष्ट, जी लिहायला थोडी लाज वाटते.

ते छप्पर अकरा वर्षे का दुरुस्त झाले नाही? पैसे नव्हते असे नाही. घर वाटले गेले नव्हते, हे खरे कारण. आजोबांच्या मागे तीन मुलगे आणि एक मुलगी. आजी आधीच अल्लाहला प्यारी झाली होती. शरीयतच्या हिशेबाने घराचे सात भाग होतात. तीन भावांचे दोन-दोन मिळून सहा, आणि फुफींचा एक. हे सगळ्यांना माहीत होते, पण कागदावर कोणी आणले नाही. त्यामुळे दर मे महिन्यात एक भाऊ दुसऱ्याकडे बघायचा. एक म्हणायचा, माझ्या वाट्याला कुठली बाजू येणार ते तर ठरू दे. दुसरा म्हणायचा, राहते ती, तिने बघावे. फुफी काही मागायच्या नाहीत. भावांकडे पैसे मागितले तर हिस्सा मागितला असे वाटेल, या संकोचाने त्या गप्प राहिल्या आणि गळतीखाली टोप ठेवत राहिल्या.

म्हणजे ज्यांचे सहा भाग होते ते कोरड्या घरांत होतो आणि जिचा एक भाग होता ती त्या छपराखाली होती. वाशांना वाळवी लागली त्याचे कारण सर्व्हेअरच्या अहवालात नव्हते. ते आमच्या घरात होते.

अशी घरे आपल्या समाजात किती असतील याचा विचार वाचकांनीच करावा. वारसांची नोंद न झालेल्या घराला विमा मिळतो, पण भरपाईच्या वेळी मालक कोण हे ठरत नाही. आणि बहिणीचा हिस्सा अल्लाहने ठरवलेला आहे, तिच्या मागण्यावर तो अवलंबून नाही. तो कागदावर येईल त्या दिवशी घरालाही मालक मिळेल.

गेल्या हिवाळ्यात अब्बांनी दोन्ही चाचांना बसवले. वारसांची नोंद करून घेतली, उताऱ्यावर चौघांची नावे आली. छपराचा खर्च सात भागांत मांडला. फुफींचा एक भाग भावांनी आपसांत वाटून घेतला. त्यांनी नको म्हटले, पण या वेळी कोणी ऐकले नाही. कुजलेले वासे काढून नवे घातले, रिपा बदलल्या, चांगली कौले धुऊन परत चढवली. मग विम्याचा अर्ज भरला, त्यात घराचे वय खरे लिहिले आणि छप्पर केव्हा दुरुस्त झाले तेही लिहिले.

पावसाआधी एवढे करा

छपराचे फोटो काढा. वरून, खालून, वळचण, आढे आणि आतले वासे. तारखेसह घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा. दर वर्षी मे महिन्यात हे करा. पाच वर्षांचे फोटो ओळीने असतील तर वादळाच्या आदल्या दिवशी छप्पर कसे होते, यावर वाद उरत नाही.

सुतार, गवंडी, पत्र्याचे दुकान, सगळ्यांची पावती घ्या. सुताराकडे पावतीपुस्तक नसेल तर साध्या कागदावर काम, रक्कम, तारीख आणि सही घ्या. एका वहीत चिकटवून ठेवा.

अर्जात काही लपवू नका. एजंट म्हणेल, जुने कशाला लिहिता, हप्ता वाढेल. लिहा. खोटी माहिती देऊन घेतलेला कागद गरजेच्या वेळी उलटतो, आणि खोटे बोलून मिळालेल्या भरपाईत बरकत कशी असेल?

घर वर्षातले बरेच महिने बंद राहत असेल तर ते कंपनीला लेखी कळवा आणि तशा घराला संरक्षण चालू राहते का, याचे लेखी उत्तर घ्या. एजंटचे तोंडी उत्तर कामाचे नाही.

मुंबई-ठाण्यात सोसायटीत राहणाऱ्यांनी सोसायटीच्या इमारतीचा विमा आहे का आणि गच्ची त्यात धरली आहे का, ते विचारा. आदर्श उपविधीनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. तो अहवाल हाच तुमच्या छताच्या प्रकृतीचा दाखला.

आणि नुकसान झालेच तर? आधी माणसे सुरक्षित जागी न्या. मग काही हलवण्यापूर्वी फोटो काढा. कंपनीला लगेच कळवा. पाणी आत येऊ नये म्हणून ताडपत्री जरूर टाका, तिची पावती ठेवा. मोडलेले वासे आणि पत्रे सर्व्हेअर येईपर्यंत फेकू नका. तलाठ्याने पंचनामा केला तर त्याची प्रत मागून घ्या. सर्व्हेअर येईल तेव्हा घरातले कोणी जाणते माणूस हजर असू द्या आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

भरपाई नाकारली किंवा कमी वाटली तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आम्हाला हे २०२० मध्ये माहीत नव्हते. माहीत असते तर कौलांच्या घटीबद्दल तरी भांडता आले असते. वाळवीबद्दल भांडायला आमच्याकडे तोंड नव्हते.

गेल्या रमजान ईदला गावी गेलो होतो. फुफींना नवा विम्याचा कागद दाखवला आणि त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, फुफी, हप्ता वादळाचा भरत होतो, छप्पर मात्र आपणच सांभाळायचे होते. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. मालकांच्या नावांत चौथे नाव त्यांचे होते. त्यावर त्यांनी बोट ठेवले, बराच वेळ तसेच राहू दिले, मग कागद कपाटात ठेवायला गेल्या. परत येताना त्यांच्या हातात गळतीचा जुना टोप होता. म्हणाल्या, "आता यात खीर करते, बसा."

या मे महिन्यात आपल्या घरावर कोणाला तरी चढवा. वर काय दिसते ते बघा आणि खाली कोण राहते तेही आठवा. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.